आतड्याचे चार पदर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आज तुम्हाला सांगायला बसलो आहे — का, ते मलाही नीटसं माहीत नाही. पंचवीस वर्षं एखादी गोष्ट जवळ बाळगली की ती कुठल्या टोकाने उचलावी तेच कळेनासं होतं. म्हणून मी बकऱ्याच्या पोटापासून सुरुवात करतो. हसू नका. ती तिथूनच सुरू होते.

आधी मी कोण ते सांगतो, कारण त्याचा या गोष्टीशी संबंध आहे. इतवारीच्या पलीकडे आमची कोष्ट्यांची गल्ली. घरात माग, शेजारी माग, पहाटेपासून खटखट. त्या गल्लीतला पहिला बी.एस्सी. मी. निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी भर दुपारी माग थांबवला — एरवी तो घरात मयत झाल्याशिवाय थांबत नसे. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे; तो मी लपवणार नाही, लपवलेलं दुसरं पुष्कळ आहे. नागपुरातल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मला डेमॉन्स्ट्रेटर म्हणून घेतलं. प्रोफेसरांनी वर्गात जे शिकवलं ते टेबलावर कापून मुलांना दाखवायचं, हे माझं काम. नोकरी कच्ची, वर्षावर्षाची. वडिलांना त्या हुद्द्याचं नाव उच्चारता येत नसे. ते लोकांना सांगत, "पोरगा कालेजात साहेब झाला."

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. कॉलेजचा यात काही दोष नाही.

त्या प्रयोगशाळेत दौलत नावाचा एक गडी होता. रोजंदारीवरचा. पन्नाशी उलटलेली, अंगाने सडपातळ, डोक्याला पांढरी टोपी. बाजारातून बेडूक, मासे, बकऱ्याचं काळीज-आतडं आणायचं, बरण्या धुवायच्या, फरशी पुसायची. तो माझ्या वडिलांच्या वयाचा, पण मी त्याला अरे-तुरे करत असे, आणि तो मला 'मास्तर' म्हणे, 'जी' लावून बोले. हे आम्हा दोघांनाही तेव्हा वावगं वाटलं नाही. त्याचं घराणं तांत वळणाऱ्यांचं. तुम्ही पिंजारी पाहिला असेल — त्याच्या धनुकलीला ताणून बांधलेली ती दोरी, जिच्या ठणत्काराने कापूस फुलतो — ती तांत बकऱ्या-मेंढ्यांच्या आतड्याची असते. दौलतचा बाप, आजा, सगळे तेच करत आले. जिनिंगचे कारखाने आले, पिंजारी उठत गेले, तांत कोणी घेईना. मग दौलत आमच्याकडे बरण्या धुवायला लागला.

मी रुजू झालो त्याच महिन्यातली गोष्ट. टेबलावर बकऱ्याचं सबंध पोट, समोर वीस मुलं, एका बाजूला उघडलेलं पुस्तक. जठरापासून खाली लोंबणारा एक पातळ पडदा असतो, तो मला अखंड उचलून दाखवायचा होता. पुस्तकात त्याचं लॅटिन नाव होतं, पानभर चित्र होतं. मी चिमट्याने धरलं की फाटे. पुन्हा धरलं, पुन्हा फाटलं. मुलं गालात हसू लागली. 

दौलत मागे बादली घेऊन उभा होता. म्हणाला, "पुस्तकात पाहून धरून राह्यले काय जी मास्तर? बकरं काही कालेजात गेलं नाही ना."

मुलं मोठ्याने हसली. मी चिडलो. पण त्याने तोवर बादलीतून दुसरं पोट काढलं होतं. चिमटा नाही, काही नाही. ओले हात त्याने खालून घातले, बोटं पसरली, आणि जशी बाळंतीण मूल उचलते तसं काहीतरी वर घेतलं. ते पाण्यातून बाहेर आलं आणि खिडकीच्या उजेडात उलगडलं.

मी काय पाहिलं ते कसं सांगू? मी कोष्ट्याचा मुलगा. तलम कापड मला पाहायला शिकवावं लागत नाही. आमच्या गल्लीत असे हात होते की ज्यांचं लुगडं अंगठीतून निघे. पण हे — हे कोणी विणलं होतं? दव पडलेल्या कोळ्याच्या जाळ्यासारखं, मधून मधून चरबीचे पांढरे मणी, आणि त्यांच्या मधल्या जागेत इतका पातळ पडदा की पलीकडचं सीताबर्डीच्या टेकडीवरचं झाड त्यातून हललेलं दिसलं. त्यात केसाहून बारीक लाल नसा. फांद्या, उपफांद्या, त्यांच्याही फांद्या. दौलत त्याला जाळी म्हणे. "हे पोटावर पांघरून रायते जी," तो म्हणाला. "कुठं दुखलं-खुपलं का तिकडं सरकते. थ्या जागेले झाकून घेते."

ते खरं होतं. पुस्तकात पुढच्याच पानावर ते लिहिलेलं होतं. त्याला कोणी सांगितलं असेल? कोणी नाही. त्याने हजारो पोटं उघडली होती आणि पाहिलं होतं.

त्या दिवशी मुलं गेल्यावर त्याने माझा हात धरून त्या पोटात ठेवला. बोट काळजाच्या, म्हणजे यकृताच्या, मागे टेकवलं. म्हणाला, आता उचलायचं नाही, नुसतं चालत जायचं. मी चालत गेलो. काळजावरून जठरावर, जठरावरून त्या जाळीवर, खाली आतड्याच्या वेटोळ्यांवर, वेटोळ्यांना धरून ठेवणाऱ्या पंख्यासारख्या पडद्यावरून पाठीच्या कण्यापाशी, तिथून वर, श्वासाच्या पडद्याखालून — आणि पुन्हा काळजाच्या मागे. बोट कुठेही उचलावं लागलं नाही. एकच वस्त्र. एकच! आत जेवढं म्हणून आहे ते सगळं त्याने गुंडाळलेलं, आणि शिवण कुठे नाही, गाठ नाही, जोड नाही. आमच्या मागावरच्या कापडाला दोन काठ असतात, दोन टोकं असतात. याला टोकच नव्हतं. मी परीक्षेत या पडद्यावर चार पानं लिहून गुण घेतले होते. तो आहे हे मला त्या दिवशी कळलं.

असं पुढे पुष्कळ झालं. हृदयाची पिशवी त्याने मला दाखवली — दोन पदरांची, मध्ये चमचाभर पाणी, बस्स. त्या चमचाभर पाण्यात हृदय जन्मापासून मरेपर्यंत हलतं आणि घासत नाही. फुप्फुसाचंही तेच. एक पदर फुप्फुसाला, एक बरगड्यांना आतून, आणि दोघांमध्ये नुसती ओल. आत्ता तुम्ही हे वाचता आहात, आणि ते दोन पदर तुमच्या छातीत एकमेकांवरून सरकताहेत. ऐकू येतं काही? मला एकदा आलं. चाळिशीत मला त्या पडद्याला सूज आली होती. श्वास घेतला की सुरी फिरल्यासारखं होई. डॉक्टरांनी त्यांची नळी माझ्याच कानाला लावून दिली — नव्या जोड्यासारखी करकर. मी अंथरुणावर पडून विचार केला, की हे चाळीस वर्षं आवाज न करता चाललं होतं, आणि मी एकदाही त्याची आठवण काढली नाही.

बघा, मी पुन्हा पडद्यांकडे वळलो. त्यांच्याविषयी मी दिवसभर बोलू शकतो. पुढच्या गोष्टीकडे यायचं म्हटलं की माझी अशीच पळवाट निघते.

तिसऱ्या वर्षी बातमी आली की एक गोरा साहेब मध्यप्रांतातली कॉलेजं पाहत नागपूरला येतो आहे. दूरच्या एका मोठ्या संग्रहालयाचा तो प्रमुख. प्रोफेसर म्हणाले, कपाटात मांडायला काहीतरी नवं करा. मी दौलतला म्हटलं. त्याने दोन दिवस विचार केला, मग म्हणाला, आतड्याचे पदर सोडवू.

आतडं म्हणजे आपल्याला एक नळी वाटते. तिच्या भिंतीला चार पदर असतात. सगळ्यात बाहेर तो चकचकीत झिरझिरीत पडदा, त्याच्या आत मांसाचा पदर, मग एक चिवट पांढरा पदर — तांत त्याचीच होते — आणि सर्वांत आत मखमलीसारखं अस्तर. दौलतने हातभर आतडं काचेच्या नळीवर चढवलं. पाण्यात किती वेळ ठेवायचं ते तो बोटाने चाचपून ठरवी. घड्याळ पाहत नसे. मग पोकळ बोरूतून बाहेरच्या पदराखाली फुंकर घातली. पदर फुगला, सुटला, आणि त्याने तो सदऱ्याची बाही दुमडावी तसा मागे दुमडला. नखाएवढीही चीर नाही. मग मांसाचा पदर, तोही दुमडला. शेवटच्या चार बोटांतलं अस्तर त्याने आधीच सोडवलं होतं, तिथे नुसता तो पांढरा चिवट पदर राहिला — इतका स्वच्छ की नळीची काच त्यातून दिसत होती. मग स्पिरिटच्या उंच बरणीत उभं केलं. सकाळचं ऊन त्यावर पडलं तेव्हा प्रोफेसर आत आले, त्यांनी पाहिलं, आणि टोपी काढून हातात घेतली. गोरे लोक चर्चमध्ये काढतात तशी.  लगेच त्यांना प्रिन्सिपॉलसाहेबांचं बोलावणं आलं आणि ते गेले. हे कोणी केलं ते विचारायचं राहून गेलं.

विचारलं ते साहेबाने.

तो त्या बरणीपुढे खाली बसला, गुडघे टेकून. बराच वेळ. मग वर पाहून इंग्रजीत म्हणाला, हे कोणाचं काम? प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं. दौलत दारापाशी उभा होता, धुतलेली टोपी घालून, दोन्ही हात पुढे बांधून. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मला येत होतं.

मी म्हणालो, "माझं."

एक शब्द. विचार करून नाही, ठरवून नाही — पण तोंड माझंच होतं. साहेबाने उठून माझा हात हातात घेतला. मग जे बोलला ते मला अजून शब्दाशब्दाने पाठ आहे. म्हणाला, असा हात मी पाच वर्षं शोधतो आहे. मला वाटलं होतं तुमच्याकडचा कोणी कारागीर असेल. असता तर त्याला आजच बरोबर नेलं असतं. लिहिता-वाचता येत नसतं तरी चालतं. पक्की जागा, राहायला घर, जन्मभर हेच काम. पण तुम्ही पदवीधर, तुम्हाला ही हातकामाची जागा देणं बरं नाही. तुमच्यासाठी मी प्रिन्सिपॉलना लिहीन.

समजलं ना तुम्हाला? मी कोणाचं काय घेतलं, ते मला साहेबानेच सांगितलं, तिथल्या तिथे, माझा हात हातात असताना. अजून वेळ गेली नव्हती. 'साहेब, तो माणूस दारात उभा आहे' — एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "थँक यू, सर."

ते गेल्यावर दौलत जवळ आला. "साहेब खाली बसला जी!" त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "बसला ना? मी पाह्यलं. काय म्हने?"

"आवडलं म्हणाले."

तो बरणीकडे बघत थोडा थांबला. मग हलकेच, जसं काही फार मागणं मागतो आहे — "कोनं केलं, असं इचारलं काय जी?"

"नाही विचारलं."

"असू द्या." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "एवढ्या मोठ्या मानसाले कुठं याद रायते. खाली बसला ना, मस्त झालं."

तो माझीच समजूत काढत होता.

साहेबाचं पत्र आलं. माझी नोकरी पक्की झाली. पत्रात एक मागणीही होती — तसंच दुसरं आतडं त्यांच्या संग्रहालयासाठी करून पाठवावं. मी दार लावून तीन दिवस एकट्याने खपलो. पुस्तकात लिहिलं होतं की आधी फॉर्मलिनमध्ये घट्ट करून घ्यावं, मी घेतलं. पदर एकमेकांना असे चिकटले की सुरीशिवाय सुटेनात, आणि सुरी लावली की चारही एकदम कापले जात. सात आतडी मी वाया घालवली. पदवी घेऊन मी ते मढं आधी कडक करत होतो, आणि तो ओलं, जिवंत असल्यासारखं हाताळत होता, एवढाच फरक — आणि तो मला कळत असूनही माझ्या बोटांत येईना. शेवटी दौलतला सांगितलं, मुलांसाठी आणखी एक हवं आहे. त्याने केलं. ते पहिल्याहून सुंदर झालं. बाहेरचा पदर त्याने इतका सलग उतरवला की तो पाण्यात एकटाच तरंगत राहिला, रिकाम्या आतड्याचा आकार धरून — जशी सापाची कात, पण कातीलाही खवले असतात. याच्यावर काहीच नव्हतं, नुसता उजेड होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे होतो. दौलत म्हणाला, "माह्या बापानं पाहाले पायजे होतं." मी त्याच्यावर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवून पेटी बंद केली. ते आजही कुठेतरी कपाटात असेल. माझ्या नावाने.

पुढच्या उन्हाळ्यात खर्च कमी करायचा हुकूम आला. प्रोफेसरांनी मला बोलावलं. म्हणाले, या दौलतचं नक्की काम काय? बरणीतल्या त्या कामात त्याची तुम्हाला मदत होते का? होत असेल तर मी त्याच्यासाठी भांडतो. ते खरोखर भांडले असते. तसे माणूस होते ते. मी म्हणालो, "नाही सर. तो भांडी धुतो."

कारण तो राहिला असता तर कधी ना कधी कोणीतरी त्याचे हात चालताना पाहिले असते. मी ते तोलूनमापून बोललो. पहिल्या वेळी तोंडून निघून गेलं असं मी अजून म्हणू शकतो. या वेळी तसं म्हणायला जागा नाही.

आता शेवटचं. हे मला सांगायचं होतं, बाकी सगळं इथवर येण्यासाठी.

जायच्या दिवशी दौलत माझ्या टेबलापाशी आला. त्या काळी चिठ्ठीची रीत होती. काम सुटलं की साहेबाकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या. पुढच्या दारात तीच ओळख. तो म्हणाला, मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर असंच बरण्यांचं काम मांडून राहिला आहे, त्याला माणूस हवा आहे. "चिठ्ठी द्या ना जी मास्तर. विंग्रजीत द्या. तुमचं नाव आता मोठं झालं, तुमची सही पाहून थो ठेवून घेईन."

मी लिहिली. सुवाच्य अक्षरात. हा माणूस इथे सात वर्षं काचेची भांडी व फरशी धुण्याच्या कामावर होता. प्रामाणिक आहे, वेळेवर येतो, दारू पीत नाही. खाली नाव, नावापुढे बी.एस्सी.

शाई वाळेपर्यंत तो उभा होता. मग म्हणाला, "आपल्या भाषेत वाचून दाखवा जी एकदा. मालूम तर पडू द्या, काय लिव्हलं."

मी कागद उचलला आणि वाचला. मी वाचलं, की या माणसाच्या हाताला जोड नाही. की आतड्याचे चारही पदर चीर न जाऊ देता तो एकटाच सोडवतो. की पोटातली जाळी अखंड उचलणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मला जे येतं ते याने शिकवलं. एकदाही न अडखळता वाचलं, कागदावर नजर ठेवून. एकेक शब्द खरा होता, आणि त्यातला एकही कागदावर नव्हता.

दौलतने डोळे पुसले. "एवढं काहून लिव्हलं जी," म्हणाला. मग कागदाची घडी केली, टोपीच्या आत ठेवली, टोपी दोन्ही हातांनी दाबून बसवली. वाकून मला नमस्कार केला. मी तो घेतला.

खिडकीतून मला फाटक दिसत होतं. तिथल्या चपराशाला थांबवून तो टोपीकडे बोट दाखवत होता, आणि उन्हात त्याचा आवाज वरपर्यंत स्वच्छ ऐकू आला — "मास्तरनं सारं लिहून देल्लं गा! सारं!"